भूल कोणाला पडते?

मराठीतला ‘भूल’ हा शब्द मोठा लबाड आहे. रानात वाट चुकली की भूल पडली म्हणतात. कोणी गोड बोलून फसवले की त्या भूलथापा होतात, देखण्या गोष्टीकडे मन ओढले गेले की आपण भुललो म्हणतो, आणि पोटावर सुरी चालण्याआधी डॉक्टर देतो तीही भूलच. परिभाषाकारांनी संज्ञाहरण, संवेदनाहरण, बधिरीकरण असे शब्द घडवले आणि पाठ्यपुस्तकांत ते शोभतातही. पण ज्या व्यवसायात माझी इतकी वर्षे गेली त्याला रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ‘भूल देणे’ असेच म्हणत आले, आणि मला तोच शब्द अधिक नेमका वाटतो. संज्ञाहरण म्हटले की सगळेच हरण झाले असे वाटून माणूस निश्चिंत होतो. भूल म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणाला पडली?

मेंदूच्या ज्या भागामुळे आपण जागे असतो, दुखले म्हणतो आणि झाले ते नंतर आठवतो, त्या भागाला भूल पडते. उरलेल्या शरीराला पडतेच असे नाही. कातडी कापली गेली हे यकृताला कळते, स्वादुपिंडाला कळते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनाही कळते. टेबलावरचा माणूस गाढ झोपेत असतो, चेहरा शांत असतो आणि आत धावपळ चाललेली असते. ही धावपळ पाहण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे रक्तातील साखर. शस्त्रक्रियेत ती का वाढते, वाढली तर काय बिघडते आणि ती किती खाली ठेवावी यावर गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकाचे मत कसे इकडून तिकडे गेले, ते या लेखात सांगायचे आहे.

भाषेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उत्तरार्धात येईल. तोवर एक आकडा देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील माणसांत मधुमेहाचे प्रमाण देशभरात शेकडा ११.४ निघाले आणि सर्व राज्यांत सर्वाधिक निघाले ते गोव्यात, शेकडा २६.४. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या गोमंतकीय प्रौढांत दर चौथा माणूस मधुमेही असणे हे आता नवल राहिलेले नाही.

आधी साखरेचा हिशेब मांडू. धडधाकट माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. दर डेसिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम साखर धरली तर साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम होते. चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त साखर जाळतो, तेव्हा हा चमचा दिवसभर रिकामा होत असतो आणि दिवसभर भरला जात असतो. भरण्याचे काम मुख्यतः यकृताचे. रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत शिरावी यासाठी दार उघडायचे काम इन्सुलिनचे. या चमच्याच्या मापाने पाहिले म्हणजे रुग्णालयातल्या बाटलीचा अर्थ कळतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, सगळ्या रक्तात मिळून असते त्याच्या पाचपट. ‘डॉक्टर, जरा ताकदीची बाटली लावा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना मी हा हिशेब सांगतो. काहींना पटतो.

इजा झाली की साखर वाढते, हे प्रथम पद्धतशीरपणे पाहिले ते क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. १८४९ साली त्याने सशाच्या मेंदूच्या बुडाशी एका ठरावीक जागी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्या सशाच्या लघवीत साखर उतरली. सशाने साखर खाल्लेली नव्हती. यकृत स्वतःच साखर तयार करते व साठवते हे दाखवून देणाराही बर्नारच. त्या साठ्याला आपण आज ग्लायकोजेन म्हणतो. पुढे १८७७ मध्ये त्याने असेही नोंदवले की मोठा रक्तस्राव झाला की रक्तातील साखर चढते. म्हणजे इन्सुलिन सापडण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी एवढे माहीत होते की साखरेचा संबंध केवळ खाण्याशी नाही. मज्जासंस्थेला धोक्याची वर्दी गेली की ती यकृताचे कोठार उघडते.

आज त्या वर्दीचा मार्ग बराच ठाऊक आहे. सुरी लागलेल्या जागेवरून संदेश मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूच्या तळाशी पोहोचतात. मेंदू दोन वाटांनी उत्तर देतो. एक वाट झटपट: अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात, नाडी वाढते, यकृत साठवलेली साखर बाहेर काढते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन आवरते घ्यायचा इशारा जातो. दुसरी वाट सावकाश पण टिकाऊ: पीयूषिका ग्रंथीच्या हुकमावरून कॉर्टिसॉल वाढते. कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिने मोडायला लावते आणि त्या तुकड्यांपासून यकृत नवी साखर घडवते. भर म्हणून, जखमेच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात त्यांच्यामुळे स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. याला इन्सुलिनरोध म्हणतात. इन्सुलिन दार ठोठावते आणि दार उघडत नाही. मधुमेह मुळीच नसलेल्या माणसाची साखर हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत १८०च्या पुढे जाणे यामुळेच घडते. हा रोध एका दिवसात ओसरत नाही. पित्ताशय काढण्याच्या जुन्या, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो दोन ते तीन आठवडे टिकतो असे स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे.

शरीर असे का वागते? जखमी जनावराचा विचार करावा. ते चार दिवस शिकार करू शकत नाही, चरू शकत नाही. मेंदूला आणि जखम भरणाऱ्या पेशींना साखर हवी असते, ती ते स्वतःच्या स्नायूंतून काढते. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजून हा खर्च दाखवला: माणूस अंथरुणात पडून असतो आणि शरीर आतल्या आत आपलेच मांस मोडत असते. रानात ही युक्ती जीव वाचवत असेल. खाटेवर, बाटली लावलेल्या, आधीच मधुमेह असलेल्या माणसाला ती महागात पडते.

आता भुलीचा वाटा पाहू. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढची शंभर वर्षे ईथरने गाजवली. हे औषध स्वतःच अ‍ॅड्रेनलिनची व्यवस्था चेतवते, त्यामुळे ईथरखाली साखर चढते हे जुन्या डॉक्टरांना चांगले माहीत होते. भुलीखालचे हेच अ‍ॅड्रेनलिन जीवही घेऊ शकते, हे कळायला मात्र वेळ लागला. त्यातला एक अंक हैदराबादेत घडला, म्हणून थोडे विषयांतर करतो. क्लोरोफॉर्मने रुग्ण अचानक दगावत. ते श्वास थांबून की हृदय थांबून, असा वाद होता. एडवर्ड लॉरी या सर्जनच्या आग्रहावरून निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर आयोगाने कौल दिला तो श्वासाच्या बाजूने. रूपाबाई फर्दुनजी यांच्यासारखी, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत गणली जाणारी डॉक्टर त्याच वातावरणात तयार झाली. श्वासावर लक्ष ठेवा हा लॉरीचा आग्रह व्यवहारात चांगलाच होता, पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली असलेल्या मांजराला अ‍ॅड्रेनलिन दिले की हृदय थरथरून बंद पडते. भूल वरवर लागलेली, आत अ‍ॅड्रेनलिन उसळलेले, आणि बाहेरून काही दिसत नाही. असो.

आजची औषधे ईथरइतकी साखर चढवत नाहीत. तरी श्वासातून दिली जाणारी आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन ही औषधे स्वादुपिंडाचे इन्सुलिन काहीसे दाबतात. याउलट कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, म्हणजे लोक ज्याला ‘पाठीतली सुई’ म्हणतात ती दिली, तर संदेश कण्याच्या दारातच अडतो. यकृताला वर्दीच पोहोचत नाही. गर्भाशय काढण्यासारख्या ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेत अशा भुलीने साखर जवळजवळ जागच्या जागी राहते, हे डेन्मार्कचे हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात दाखवले. पोटाच्या वरच्या भागात तितके यश येत नाही, कारण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत.

मग सगळ्यांनाच पाठीतली सुई का देत नाहीत? एक तर प्रत्येक शस्त्रक्रिया तिने होत नाही. दुसरे, साखर स्थिर राहिली म्हणजे माणूस लवकर बरा झाला असे गणित जुळत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या सोळाशे वृद्धांवर अमेरिका व कॅनडात झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणे, यांचे प्रमाण पाठीतल्या सुईच्या गटात शेकडा १८.५ आणि पूर्ण भुलीच्या गटात १८.० होते. फरक नाहीच. आणि शरीराची ही धावपळ समूळ बंद करावी म्हणणाऱ्यांसाठी एटोमिडेटची गोष्ट आहे. अतिदक्षता विभागात जखमी रुग्णांना झोपवून ठेवण्यासाठी हे औषध सलग दिले जाई. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी कळवले की त्या रुग्णांत मृत्यू वाढले आहेत. कारण सापडले ते असे की एटोमिडेट कॉर्टिसॉलची निर्मितीच रोखते. जे कॉर्टिसॉल साखर चढवते तेच बंद पडले तर गंभीर जखमी माणूस तग धरत नाही. तेव्हा या धावपळीला लगाम हवा, तिचा गळा दाबून चालत नाही.

वाढलेल्या साखरेने बिघडते काय? पहिले म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. दुसरे, साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते, रुग्ण कोरडा पडतो. जखमेत नवे तंतू घट्ट विणले जात नाहीत. अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे हृदय शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींना शिरेतून सतत इन्सुलिन देऊ लागल्यावर छातीच्या हाडाखालच्या खोल जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा २.० वरून ०.८ वर आले. हे १९९९ मध्ये छापून आले आणि साखरेकडे पाहण्याची शल्यविशारदांची नजर बदलली. त्याआधी ‘थोडी वाढली तर वाढू दे, कमी व्हायला नको’ असाच रिवाज होता.

त्याहून विचार करायला लावणारी नोंद अटलांटाची, २००२ सालची. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ज्यांची साखर नॉर्मल होती त्यांच्यात मृत्यू शेकडा १.७, ज्यांना आधीपासून मधुमेह माहीत होता त्यांच्यात ३, आणि ज्यांची साखर वाढलेली होती पण मधुमेहाची नोंद नव्हती त्यांच्यात १६. साखरेनेच ते दगावले असे यावरून सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणसाची साखर जास्त वाढते हेही खरे आहे. परंतु ‘मला डायबेटिस नाही’ हे उत्तर ऐकून पुढे सरकू नये, एवढे त्यावरून मी तरी घेतले.

यानंतरची कथा संशोधन कसे चालते हे समजून घेण्यासाठी शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे. २००१ साली बेल्जियममधल्या लूव्हेन येथे ग्रीट व्हान डेन बर्ग यांनी अतिदक्षता विभागातल्या १५४८ रुग्णांवर चाचणी केली. बहुतेक जण शस्त्रक्रिया झालेले, त्यातही हृदयाची झालेले अधिक. एका गटाची साखर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये, म्हणजे अगदी निरोगी माणसासारखी ठेवली. दुसऱ्या गटात १८० ते २०० पर्यंत चालू दिली. त्या विभागातले मृत्यू शेकडा ८.० वरून ४.६ वर आले. एवढ्या साध्या, स्वस्त उपायाने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात म्हटल्यावर जगभरच्या अतिदक्षता विभागांनी तो उचलला. परिचारिका तासातासाला बोटे टोचू लागल्या.

पण २००६ मध्ये व्हान डेन बर्ग यांनीच शस्त्रक्रिया न झालेल्या आजारी रुग्णांवर तीच पद्धत वापरली, तेव्हा मृत्यूंत निर्णायक फरक दिसला नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हृदय शस्त्रक्रिया चालू असतानाच साखर कडक ठेवून पाहिली. ४०० रुग्णांत पक्षाघात कडक गटात आठ आणि दुसऱ्या गटात एक झाला. मग २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या ६१०४ रुग्णांची ‘नाइस-शुगर’ चाचणी आली. नव्वद दिवसांत मृत्यू कडक गटात शेकडा २७.५, आणि १८०च्या खाली एवढेच पथ्य पाळलेल्या गटात २४.९. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रमाण पहिल्यात ६.८ आणि दुसऱ्यात ०.५. जो उपाय जीव वाचवतो म्हणून आठ वर्षे चालला, तो घेत असल्याचे निघाले.

लूव्हेनचे आकडे खोटे होते का? नाही. तिथे रुग्णांना दाखल होताच शिरेतून दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज दिले जात होते, म्हणजे आपल्या चमच्याच्या मापाने चाळीस ते साठ चमचे. एवढी साखर ओतल्यावर ती आवरायला कडक इन्सुलिन उपयोगी पडणारच. इतरत्र रुग्णांना नळीवाटे पोटात अन्न दिले जाई आणि साखर इतकी चढतच नसे. तिथे तोच कडकपणा अंगावर आला. शिवाय लूव्हेनची यंत्रणा एका जागची, सरावलेली. पद्धत उचलताना लोकांनी आकडा उचलला, त्यामागची बाटली पाहिली नाही. आता बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या आसपास १०० ते १८० ही मर्यादा मानतात. मला ती समंजस वाटते.

भुलीखाली साखर फार उतरण्याची भीती आम्हांला का वाटते, हे लेखाच्या नावाशी जोडलेले आहे. जाग्या माणसाची साखर उतरली की त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, तो गोंधळल्यासारखा बोलतो. घरातली माणसे चटकन साखरेचे पाणी देतात. झोपलेल्या माणसाला यातले काही सांगता येत नाही. वर म्हटले तसे आत सगळे कळत असते, बाहेर काही उमटत नाही. म्हणून मधुमेही रुग्णाची साखर शस्त्रक्रिया चालू असताना तासाला एकदा तरी तपासावी लागते. बोटावरच्या यंत्रावरही डोळे झाकून विसंबता येत नाही: रुग्णाला खूप पंडुरोग असेल, हात गार पडले असतील, रक्तदाब उतरला असेल तर आकडा चुकतो. अशा वेळी शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवावे.

आता भाषेकडे येतो. गोव्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण बोलतात कोंकणी, वृत्तपत्र वाचतात मराठी, आणि शस्त्रक्रियेआधी त्यांच्या हातात पडतो तो कागद इंग्रजी. त्यावरच्या तीन-चार ओळींवर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘रात्रीपासून उपाशी’ ही त्यातली पहिली. उपास म्हटले की आपल्याकडे साबुदाणा चालतो, दूध चालते, केळे चालते. एकादशीचा उपास आणि भुलीआधीचा उपास यांना एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. उलट टोकाला, काही जण पाण्याचा घोटही घेत नाहीत आणि दुपारी नंबर लागेपर्यंत कोरडे पडतात.

या उपासाचे कारण पोटातले अन्न भुलीत वर येऊन फुप्फुसात जाऊ नये हे आहे. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींतल्या अशा ६६ घटना मांडल्या, आणि त्यानंतर ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा नियम जगभर रुजला. आजचा नियम इतका निष्ठुर नाही: हलके खाणे सहा तास आधीपर्यंत, आणि नितळ पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत. नितळ म्हणजे काय, हे मी ग्लासापलीकडचे छापील अक्षर वाचता आले पाहिजे, अशा खुणेने सांगतो. पाणी चालते, बिनदुधाचा चहा चालतो. दूध चालत नाही, आणि आपली पेज तर नाहीच. ती कितीही पातळ केली तरी तिच्यात भात असतो. हे वाक्य कागदावर असलेच पाहिजे, कारण आजारी माणसाला पेज देणे हे गोव्यातल्या घराघरात इतके स्वाभाविक आहे की ती ‘खाणे’ आहे असे कोणाला वाटतच नाही. घशाला त्रास नको म्हणून पहाटे दिलेल्या वाटीभर पेजेपायी शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या मी पाहिल्या आहेत.

उपाशी राहण्याचाही साखरेशी संबंध आहे. स्टॉकहोमचे ओले युंगक्विस्ट यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की रक्तस्राव झाल्यावर खाल्लेले उंदीर उपाशी उंदरांपेक्षा चांगले टिकतात. त्यातून शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी पन्नास ग्रॅम कर्बोदकांचे नितळ पेय देण्याची कल्पना आली. त्याने शस्त्रक्रियेनंतरचा इन्सुलिनरोध कमी होतो. मात्र २७ चाचण्या एकत्र तपासल्यावर रुग्णालयातला मुक्काम सरासरी एक तृतीयांश दिवसाने कमी झालेला दिसला, आणि गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक दिसला नाही. गाजावाजाच्या मानाने फायदा लहान. मधुमेहींनी असे पेय स्वतःच्या मनाने घेऊ नये.

कागदावरची दुसरी ओळ गोळ्यांची असते. ‘नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा’ ही ओळ रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांना लागू पडते, साखरेच्या गोळ्यांना पडत नाही. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. उपाशी माणसाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्यामुळे रक्त आम्लयुक्त होऊ शकते, आणि गंमत अशी की त्या वेळी साखरेचा आकडा जवळजवळ नॉर्मल असतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळ्या तीन दिवस आधी, त्यातली अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी थांबवायला सांगितले. वजन आणि साखर कमी करणारी सेमाग्लुटाइडच्या जातीची आठवड्याची इंजेक्शने जठर सावकाश रिकामे करतात. आठ तास उपाशी असलेल्या माणसाच्या पोटातही अन्न सापडू शकते. २०२३ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांनी ती आठवडाभर आधी बंद करायला सांगितले, २०२४ च्या अखेरीस अनेक संघटनांनी मिळून ते मत सौम्य केले आणि रुग्णागणिक ठरवा म्हटले. यातले काहीही रुग्णाने स्वतः ठरवायचे नाही. त्याने सांगायचे आहे. पण वजनासाठी घेतलेले इंजेक्शन हे ‘औषध’ म्हणून सांगायचे असते, हेच अनेकांना सुचत नाही. ‘काही औषधे चालू आहेत का’ असे विचारले तर नाही म्हणतात; ‘आठवड्याला एक सुई घेता का’ असे विचारले की हो म्हणतात. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर उत्तर बदलते, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

मराठीत असे कागद करताना संस्कृत संज्ञांचा मोह आवरावा लागतो. ‘शस्त्रक्रियापूर्व कालावधीत मुखावाटे सेवन वर्ज्य’ हे व्याकरणशुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. ‘सकाळी सहापर्यंत पाणी प्या. दूध, पेज, फळे नकोत. साखरेची गोळी घेऊ नका, सोबत आणा’ हे कोणालाही कळते. घड्याळातली वेळ लिहावी, ‘सहा तास आधी’ असे लिहू नये. कारण कशाच्या आधी हे रुग्णाला माहीत नसते. अकादमीच्या कार्यशाळांत कथा-कवितेबरोबर एखादे सत्र अशा मजकुरासाठी ठेवले तर मी आनंदाने येईन.

घरी गेल्यावरची गोष्ट राहिली. शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिनरोध दोन-तीन आठवडे टिकतो हे वर आले आहे. त्या काळात नेहमी गोळीवर असलेल्या माणसालाही इन्सुलिन टोचावे लागते, आणि ‘आता हे कायमचेच लागले’ म्हणून घर काळजीत पडते. बहुतेकांना ते कायमचे नसते. भुलीनंतरची उलटी टाळण्यासाठी देतात त्या डेक्सामेथासोनच्या एका डोसनेही दिवसभर साखर चढते; तिने जखमेत जंतू वाढतात का, हे ८८८० रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले आणि २०२१ मध्ये उत्तर आले की वाढत नाहीत, डोस घेतलेल्यांत शेकडा ८.१ आणि न घेतलेल्यांत ९.१. रुग्णालयात साखर वाढली की तेवढ्यापुरते इन्सुलिन टोचायचे, नाही वाढली तर सोडून द्यायचे, ही जुनी पद्धत मात्र टिकली नाही. २११ रुग्णांच्या चाचणीत तिच्यात गुंतागुंत शेकडा २४.३ झाली, आणि रोज ठरलेले इन्सुलिन दिलेल्यांत ८.६.

घरी धोका उलट बाजूने येतो. जखम भरत येते, दुखणे कमी होते, माणूस चालू-फिरू लागतो आणि रोध ओसरतो. इन्सुलिनचा डोस मात्र रुग्णालयातून निघताना लिहिलेला तोच राहतो. त्यात जेवण अजून निम्मेच जात असते. पंधरवड्यानंतर पहाटे घामाने भिजून जागा झालेला रुग्ण पुष्कळदा याच कारणाने झालेला असतो. म्हणून निघतानाच्या कागदावर डोस कमी करण्याची तारीख हवी, साखर कितीच्या खाली गेली तर फोन करायचा तो आकडा हवा, आणि फोन कोणाला करायचा ते नाव हवे. तिन्ही घरातल्या माणसाला वाचता येतील अशा भाषेत, मोठ्या अक्षरात.